डोमेन विकायचंय, पण घेणारा नावच सांगत नाही. अशा वेळी व्यवहार कसा करायचा?

६ नोव्हेंबर २०२४. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी एक्सवर एक पोस्ट टाकली. त्यात ना वाक्य होतं, ना फोटो. फक्त 'चॅट डॉट कॉम' एवढंच. त्या लिंकवर क्लिक केलं की थेट चॅटजीपीटी उघडत होतं.

पोस्ट एका शब्दाची असली तरी तिच्यामागचा व्यवहार जवळपास दीड वर्ष चर्चेत होता. हबस्पॉट या कंपनीचे सहसंस्थापक, भारतीय वंशाचे धर्मेश शाह यांनी २०२३ च्या सुरुवातीला हे डोमेन १ कोटी ५५ लाख डॉलर्सला घेतलं होतं. तेव्हाच्या दराने साधारण १२७ कोटी रुपये. त्यानंतर त्यांनी ते विकल्याचं जाहीर केलं. किती फायदा झाला हे सांगितलं नाही आणि कुणाला विकलं हेही सांगितलं नाही. ऑल्टमन यांची पोस्ट आली तेव्हा जगाला कळलं की घेणारी कंपनी ओपनएआय होती. मोबदला ओपनएआयच्या शेअर्समध्ये मिळाल्याचे संकेतही शाह यांनी तेव्हाच दिले.

हा झाला मोठ्या लोकांचा खेळ. पण अशीच गोष्ट छोट्या पातळीवर रोज घडत असते. कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुकानासाठी, ब्लॉगसाठी किंवा सहज सुचलं म्हणून एखादं डोमेन घेतलेलं असतं. एक दिवस मेल येतो. 'माझ्या क्लायंटला तुमचं डोमेन विकत घ्यायचं आहे. क्लायंटचं नाव गोपनीय आहे. तुमची अपेक्षा काय?'

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर स्पॅम समजून मेल डिलीट करतात, नाहीतर आनंदाच्या भरात पहिल्याच उत्तरात आकडा सांगून मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसान होऊ शकतं. त्यामुळे हा व्यवहार चालतो कसा, ते नीट समजून घेऊ.

मुळात विकलं काय जातं?

आपण बोलताना 'माझ्या मालकीचं डोमेन' असं म्हणतो. पण डोमेन कायमचं कुणाच्याच मालकीचं नसतं. डॉट कॉमची सगळी नोंदवही व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते, तर डॉट इनची नोंद निक्सी ही आपल्याकडची संस्था बघते. गोडॅडी, हॉस्टिंगर, नेमचीप अशा कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. त्यांच्याकडून आपण एक नाव ठरावीक काळासाठी वापरायला घेतो. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. मुदत संपायच्या आत पैसे भरले तर नाव आपल्याकडे राहतं. नाही भरले तर काही आठवड्यांत ते दुसऱ्या कुणालाही घेता येतं.

मुंबईतल्या जुन्या चाळींमधली पागडी आठवा. घर मालकाचं, ताबा भाडेकरूचा, पण भाडेकरू आपला हक्क चांगल्या किमतीला दुसऱ्याला देऊ शकतो. डोमेनचं साधारण तसंच आहे. वर्षाचं भाडं हजार-दीड हजार रुपये, पण ठिकाण मोक्याचं असेल तर ताबा सोडायची किंमत कोटींमध्ये जाऊ शकते.

जगात १५ कोटींहून जास्त डॉट कॉम नावं नोंदवलेली आहेत. इंग्रजीतले सोपे, छोटे शब्द तर कधीच संपले. म्हणून नव्या कंपनीला हवं असलेलं नाव बहुतेक वेळा आधीच कुणाकडे तरी असतं. मग ते मागून घ्यावं लागतं आणि इथे ब्रोकर येतो.

घेणारा नाव का लपवतो?

सगळ्यात सरळ कारण म्हणजे किंमत. गावात रस्त्याकडेची जमीन घ्यायला शेजारचा शेतकरी आला तर एक भाव आणि मोठा बिल्डर आला तर दुसरा भाव, हे आपल्याला माहीतच आहे. १९६० च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांनी फ्लोरिडात हजारो एकर जमीन वेगवेगळ्या अनोळखी कंपन्यांच्या नावाने घेतली, ती याचसाठी. ऑक्टोबर १९६५ मध्ये वर्तमानपत्रात खरा खरेदीदार उघड झाला आणि आजूबाजूच्या जमिनींचे भाव भडकले.

नावांच्या बाबतीत गाजलेलं उदाहरण ॲपलचं आहे. २००९ मध्ये 'आयपी ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' नावाच्या एका ब्रिटिश कंपनीने प्रोव्ह्यू या कंपनीच्या तैवानमधल्या शाखेकडून 'आयपॅड' या नावाचे ट्रेडमार्क ३५ हजार पाउंडांना घेतले. म्हणजे तेव्हाचे साधारण २६ लाख रुपये. त्या ब्रिटिश कंपनीच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरं जोडली तर 'आयपॅड' होतं, त्यामुळे कारण पटण्यासारखं होतं. पुढच्याच महिन्यात ॲपलने आयपॅड बाजारात आणत असल्याची घोषणा केली. ती ब्रिटिश कंपनी ॲपलसाठीच उभी केलेली होती.

मग प्रोव्ह्यूच्या शेनझेनमधल्या कंपनीने दावा केला की चीनमधला हक्क आमच्याकडेच आहे आणि आम्ही तो विकलेला नाही. प्रकरण चीनच्या कोर्टात गेलं. २०१२ मध्ये ॲपलने ६ कोटी डॉलर्स देऊन तडजोड केली. तेव्हाच्या दराने ही रक्कम ३०० कोटी रुपयांच्या वर जाते. हा व्यवहार ट्रेडमार्कचा होता, डोमेनचा नव्हता. पण घेणारा कोण हे माहीत नसताना आणि माहीत झाल्यावर एकाच नावाची किंमत किती बदलू शकते, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

दुसरं कारण गुप्ततेचं. एखाद्या मोठ्या कंपनीने नवीन नाव घेतल्याची बातमी फुटली तर तिचं पुढचं प्रॉडक्ट काय आहे, हे स्पर्धकांना आधीच कळतं. त्यामुळे वकिलांची फर्म, नव्याने काढलेली छोटी कंपनी किंवा ब्रोकर यांना पुढे करून खरेदी केली जाते. यात बेकायदेशीर काही नाही. नाव सांगत नाही म्हणजे समोरचा भामटाच असणार, असं समजायचं कारण नाही. तसंच नाव सांगत नाही म्हणजे मागे गूगलच असणार, असं समजायचंही कारण नाही.

ब्रोकर नक्की कुणाचा?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मेल पाठवणारा ब्रोकर गोड बोलतो, मदत करतो, 'तुम्हाला चांगली किंमत मिळवून देतो' असंही म्हणतो. पण त्याला कामाला लावलंय कुणी? घेणाऱ्याने. म्हणजे कमीत कमी किमतीत नाव मिळवणं हे त्याचं काम आहे.

ब्रोकर साधारण दोन प्रकारचे असतात. एक घेणाऱ्याचा, दुसरा विकणाऱ्याचा. विकणाऱ्याचा ब्रोकर तुम्ही स्वतः नेमता. तो गिऱ्हाईक शोधतो, घासाघीस करतो आणि सौदा झाला की कमिशन घेतो. हे कमिशन बहुतेक वेळा १० ते २० टक्क्यांच्या आसपास असतं. याशिवाय सेडो, आफ्टरनिक अशा मंडया आहेत. तिथे डोमेन विक्रीला लावता येतं आणि विक्री झाल्यावर मंडई आपला वाटा कापून घेते.

म्हणून ब्रोकरला पहिल्याच मेलमध्ये दोन प्रश्न विचारायला हवेत. तुम्ही कुणाच्या बाजूने काम करता? आणि तुमचं कमिशन कोण देणार? समजा, साताऱ्यातल्या एका मसाला व्यावसायिकाला ४ लाखांची ऑफर आली आणि नंतर कळलं की १५ टक्के कमिशन त्यानेच द्यायचंय. म्हणजे ६० हजार तिथेच गेले आणि हातात राहिले ३ लाख ४० हजार. त्यातून पुढे एस्क्रोची फी आणि परदेशातून पैसे आले तर बँकेचे चार्जेस. हा हिशोब आकडा सांगायच्या आधी व्हायला हवा.

अजून एक गोष्ट. महाराष्ट्रात घरं विकणाऱ्या एजंटला महारेराकडे नोंदणी करावी लागते. डोमेन ब्रोकरला आपल्याकडे असा कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. कुणीही उठून स्वतःला डोमेन ब्रोकर म्हणवून घेऊ शकतो. त्यामुळे मेलमधल्या नंबरवर फोन न करता त्या ब्रोकरेज कंपनीची वेबसाइट स्वतः शोधायची आणि तिथल्या नंबरवर किंवा पत्त्यावर विचारायचं, की या नावाची व्यक्ती तुमच्याकडे काम करते का, आणि हा मेल तिनेच पाठवलाय का. मेल आयडीमधलं प्रत्येक अक्षर तपासायचं. एका अक्षराचा फरक असलेले खोटे आयडी हा जुना प्रकार आहे.

मेल आला, आता पहिलं काम कुठलं?

उत्तर लिहिण्याआधी रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करायचं आणि तीन गोष्टी बघायच्या.

एक, मुदत कधी संपतेय. कुणाला तरी हे नाव हवंय हे आता नक्की झालंय. तुम्ही नूतनीकरण विसरलात तर ते नाव सुटताक्षणी पकडायला तयार असलेल्या सेवा बाजारात आहेत. मग विकायचं काही उरतच नाही. म्हणून मुदत लगेच वाढवायची.

दोन, नाव कुणाच्या नावावर आहे. बऱ्याच छोट्या व्यावसायिकांचं डोमेन त्यांच्या वेबसाइटवाल्या पोराने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. पैसे दुकानदाराने दिलेले असले तरी नोंद त्या पोराच्या नावावर असते. असं असेल तर आधी ते आपल्या खात्यात आणायचं. सौदा ठरल्यावर हे काढायला गेलात तर घरातच भांडण.

तीन, कुलूप. डोमेनवर ट्रान्सफर लॉक चालू आहे का आणि खात्याला दुहेरी सुरक्षा, म्हणजे पासवर्डसोबत ओटीपी, लावलेली आहे का, ते बघायचं.

घेणाऱ्याबद्दल मात्र फारसं काही शोधता येत नाही. पण त्याला तुमच्याबद्दल शोधता येतं. पूर्वी डोमेन कुणाचं आहे, त्याचा पत्ता आणि फोन काय, हे सातबाऱ्यासारखं कुणालाही बघता यायचं. मे २०१८ मध्ये युरोपात माहिती संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि त्यानंतर बहुतेक रजिस्ट्रारनी वैयक्तिक तपशील झाकले. तरी तुमची वेबसाइट चालू असेल, व्यवसाय कसा चाललाय ते दिसत असेल, तर ब्रोकरने ते सगळं वाचलेलं असतं. तो तयारी करून आलेला असतो.

किंमत सांगायची कशी?

डोमेनला छापील भाव नसतो. ऑनलाइन किंमत सांगणारी टूल्स आहेत, पण ती अंदाजापुरती. त्यापेक्षा आधी झालेले सौदे बघणं बरं. नेमबायो नावाच्या साइटवर जाहीर झालेल्या विक्रीची नोंद मिळते. तिथे आपल्या नावासारखी नावं, म्हणजे तेवढीच अक्षरं, तीच भाषा, तसाच शब्द, कितीला गेली ते बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवायचं. मोठे सौदे बऱ्याचदा गोपनीयतेच्या कराराखाली होतात आणि या यादीत येतच नाहीत.

गाजलेले आकडे बघितले तर डोकं फिरेल. फेसबुकने २०१० मध्ये एफबी डॉट कॉम हे नाव अमेरिकन फार्म ब्युरो या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून घेतलं. ८५ लाख डॉलर्स मिळाल्याचं संघटनेने जानेवारी २०११ मधल्या वार्षिक सभेत सांगितलं, तेव्हा आकडा बाहेर आला. मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलर्सला विकलं. टेस्लाची वेबसाइट २०१६ पर्यंत टेस्ला मोटर्स डॉट कॉम या नावाने चालायची, कारण टेस्ला डॉट कॉम दुसऱ्याकडे होतं. ते मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर्स लागले, असं इलॉन मस्क यांनी स्वतः सांगितलं होतं.

पण हे आकडे बघून आपल्या डोमेनची किंमत ठरवणं म्हणजे मलबार हिलचा भाव बघून तालुक्याच्या गावातला प्लॉट विकण्यासारखं आहे. बहुतेक डोमेनना कधी गिऱ्हाईकच येत नाही. टेस्लाच्या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच, की घाई बहुतेक वेळा घेणाऱ्याला असते. विकणाऱ्याला वर्षाला हजार-दीड हजार भरून थांबता येतं.

म्हणून समोरच्याचा खिसा किती मोठा आहे याचा अंदाज लावत बसण्यापेक्षा एक आकडा स्वतःशी लिहून ठेवायचा. 'उद्या कळलं की घेणारी कंपनी जगातली सगळ्यात श्रीमंत कंपनी होती, तरी या किमतीला विकल्याचं मला वाईट वाटणार नाही,' असा आकडा. निनावी सौद्यात ही शक्यता कायम असते, त्यामुळे तिची किंमत आधीच धरायला हवी. मग ब्रोकरला म्हणायचं, की डोमेन विक्रीला काढलेलं नाही, पण गंभीर ऑफर असेल तर विचार करू. पहिला आकडा शक्यतो त्याच्याकडून येऊ द्यायचा.

ऑफर आहे की सापळा?

निनावी मेलमागे कधीकधी वेगळाच माणूस असतो. एखाद्या ब्रँडचा वकील.

जगभरातल्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये तंटे सोडवायची एक पद्धत आणली. ट्रेडमार्क असलेल्या कंपनीला तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव तिच्या ट्रेडमार्कसारखंच आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि नाव वाईट हेतूने घेऊन वापरलंय. वाईट हेतूचा एक पुरावा कोणता? तर ट्रेडमार्कवाल्याला चढ्या किमतीत विकण्यासाठीच नाव घेतलं असणं. म्हणजे तुमचं नाव एखाद्या प्रसिद्ध ब्रँडसारखं असेल आणि तुम्ही निनावी मेलला उत्तर देताना लिहिलंत, की 'मला माहितीय हे कुणाला हवंय, त्यांच्यासाठी ५० लाख', तर तेच उत्तर उद्या तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. डॉट इनसाठीही अशीच वेगळी पद्धत आहे.

भारतातली कोर्टंही याबाबत स्पष्ट आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफ विरुद्ध 'रॅडिफ' या प्रकरणात डोमेन हा फक्त इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात हीच भूमिका मांडली.

२०२४ मधलं जिओहॉटस्टारचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. दिल्लीतल्या एका ॲप डेव्हलपरने, जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील असा अंदाज बांधून, जिओहॉटस्टार डॉट कॉम हे नाव २०२३ मध्येच घेऊन ठेवलं होतं. मग त्याच साइटवर जाहीर पत्र लिहून केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च म्हणून रिलायन्सकडे ९३,३४५ पाउंड, म्हणजे साधारण एक कोटी रुपये मागितले. रिलायन्सने नकार दिला आणि कायदेशीर कारवाई होऊ शकते असं कळवलं, असं त्यानेच नंतर सांगितलं. पुढे ते डोमेन दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते रिलायन्सला फुकट द्यायची तयारी दाखवली. सोशल मीडियावर कौतुक पुष्कळ झालं, पण दोन प्रसिद्ध ब्रँड जोडून तयार केलेल्या नावावर कायद्याच्या दृष्टीने पैसे मागणं अवघड असतं.

याउलट तुमचं नाव साधा शब्द असेल, तुमचं आडनाव असेल किंवा ब्रँड जन्माला यायच्या आधीपासून तुमच्याकडे असेल, तर तुमची बाजू भक्कम असते. जुनी बिलं, वेबसाइटचे जुने स्क्रीनशॉट, दुकानाचा परवाना हे सगळं जपून ठेवायचं.

आधी पैसे की आधी डोमेन?

या व्यवहाराची खरी गाठ इथे आहे. घेणारा अनोळखी, कदाचित दुसऱ्या देशातला. त्याने आधी पैसे दिले तर त्याला भीती, तुम्ही आधी डोमेन दिलं तर तुम्हाला भीती. यावरचा उपाय म्हणजे एस्क्रो, म्हणजे दोघांचा विश्वास असलेला तिसरा माणूस. एस्क्रो डॉट कॉम ही १९९९ पासूनची कंपनी या कामात सगळ्यात ओळखीची आहे.

क्रम असा असतो. दोघे अटी मान्य करतात. घेणारा एस्क्रोकडे पैसे जमा करतो. पैसे आले असं एस्क्रो विकणाऱ्याला कळवतं. मग विकणारा डोमेन हस्तांतरित करतो. घेणारा ते मिळाल्याचं सांगतो आणि एस्क्रो विकणाऱ्याचे पैसे सोडतं.

यात जपायचं ते तिसऱ्या पायरीवर. 'पैसे जमा झाले' असा मेल आला तरी त्यातल्या लिंकवर क्लिक करायचं नाही. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून, आपल्या खात्यात लॉगिन करून रक्कम बघायची. हुबेहूब एस्क्रोसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट्स काढून फसवल्याचे प्रकार होत आलेत. आणि घेणारा म्हणाला की अमुकच एस्क्रो वापरा, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तर तिथेच थांबायचं.

हस्तांतरण दोन पद्धतींनी होतं. दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलता येतं. हे काम लवकर होतं. रजिस्ट्रार वेगळे असतील तर ऑथ कोड लागतो. मोबाइल नंबर पोर्ट करताना १९०० वर मेसेज पाठवून जो कोड मिळतो, त्याचाच हा भाऊ. ज्याच्याकडे हा कोड, तो डोमेन घेऊन जाऊ शकतो. म्हणून पैसे एस्क्रोमध्ये दिसेपर्यंत तो कुणालाही द्यायचा नाही, अगदी 'फक्त तपासायला' मागितला तरी नाही. डोमेन नुकतंच घेतलं किंवा हलवलं असेल तर साधारण ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. हे घेणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं.

घेणारा निनावी असला तरी करारावर कुणाचं तरी नाव आणि सही हवीच. ती एखाद्या कंपनीची असेल, वकिलाची असेल किंवा ब्रोकरेज फर्मची असेल. एस्क्रो कंपनी पैसे भरणाऱ्याची ओळख स्वतः तपासते. त्यामुळे तुम्हाला नाव नाही कळलं तरी पैसे कुठून आले याची नोंद कुठेतरी राहते. हीच नोंद तुम्हालाही उपयोगी पडते. परदेशातून रक्कम आली की बँक कशाचे पैसे ते विचारते आणि हे उत्पन्न आयकराच्या हिशोबातही दाखवावं लागतं. करार, इन्व्हॉइस आणि एस्क्रोची पावती घेऊन सौद्याच्या आधीच सीएला भेटायचं.

पैसे मिळवण्यासाठी पैसे मागितले तर?

डोमेन विकणाऱ्यांना लुबाडायचा एक ठरलेला प्रकार आहे. निनावी खरेदीदार मोठी ऑफर देतो. चार-पाच मेल होतात, सगळं ठरत आलेलं असतं. मग तो म्हणतो, 'माझ्या गुंतवणूकदाराला डोमेनच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागेल. अमुक साइटवरून काढून घ्या.' त्या साइटची फी असते काही हजार रुपये. फी भरली की खरेदीदार गायब. साइट त्याचीच असते.

यूपीआयमध्ये 'पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा' म्हणून गंडवतात, तशातलीच ही गोष्ट. ज्याला विकत घ्यायचंय तो मूल्यांकन त्याच्या खर्चाने करून घेईल. एस्क्रोचा ठरलेला वाटा सोडला तर विकणाऱ्याने सौदा पूर्ण व्हायच्या आधी खिशातून काही काढायचं कारण नसतं.

दुसरा प्रकार घाबरवण्याचा. 'तुमचंच नाव चीनमध्ये कुणीतरी नोंदवतंय, लगेच आमच्याकडून घेऊन टाका,' असे मेल कित्येक वर्षं फिरतायत. त्यांना उत्तरच द्यायचं नाही.

नावासोबत अजून काय जातं?

सौदा झाला, पैसे आले, तरी एक गोष्ट बरेच जण विसरतात. डोमेन गेलं की त्यावरचे मेल आयडीही जातात.

तुमच्या दुकानाचा मेल आयडी त्याच डोमेनवर असेल आणि तोच बँकेत, जीएसटी पोर्टलवर, गूगल खात्यात, फेसबुक पेजवर दिलेला असेल, तर विक्रीनंतर त्या आयडीवर येणारा प्रत्येक मेल नव्या धारकाला वाचता येऊ शकतो. पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा त्यालाच जाऊ शकते. आणि हा नवा धारक कोण आहे हे तुम्हाला माहीतच नाही. म्हणून हस्तांतरणाच्या आधी सगळीकडचे आयडी बदलायचे, जुने मेल उतरवून ठेवायचे, गिऱ्हाइकांना कळवायचं. करारात ३० किंवा ६० दिवसांची सवड मागून घेता येते.

शिवाय लोकांच्या मनात ते नाव तुमचंच राहतं. जुन्या पिशव्यांवर, बोर्डावर, इतरांनी दिलेल्या लिंक्समध्ये ते असतं. विकलेल्या किंवा सुटलेल्या जुन्या नावांवर सट्ट्याच्या, जुगाराच्या साइट्स उघडल्याची उदाहरणं कमी नाहीत. जुन्या नावाला जी पत असते, तीच अशा लोकांना हवी असते. गावातल्या पतसंस्थेचं, शाळेचं किंवा दवाखान्याचं नाव असेल तर ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी ठरू शकते. आधीच्या व्यवसायाचं नाव, लोगो किंवा मजकूर वापरायचा नाही, अशी अट करारात घालता येते. पण निनावी माणसाविरुद्ध ती राबवणं सोपं नसतं. म्हणून अशा संस्थांनी आकडा कितीही चांगला वाटला तरी घेणाऱ्याची ओळख मागावी आणि ती मिळत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

साध्या, वापरात नसलेल्या नावाचं मात्र तसं नाही. तिथे घेणारा शेवटपर्यंत कळला नाही तरी फारसं बिघडत नाही. आपला आकडा आधी ठरलेला असावा, ब्रोकर कुणाचा ते माहीत असावं आणि पैसे एस्क्रोमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावरच कोड हातातून सुटावा. एवढं पाळलं तर वर्षानुवर्षं पडून असलेल्या एका नावाचे चांगले पैसे होऊ शकतात. आणि विकायचंच नसेल, तर 'धन्यवाद, विचार नाही' एवढं उत्तर पुरतं. फक्त ते पाठवून झाल्यावर डोमेनचं ऑटो रिन्यूअल चालू आहे का, तेवढं बघून घ्यायचं.